वाकळेतला रोल

किन्हीराजा,
ता. मालेगाव, जि. वाशिम
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय धम्मपाल,

जयभीम. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत आणि तू तिकडे बरा असणारच, तुझे मोबाईलवरचे फोटो तसं सांगतात. आईचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, बाकी तब्येत ठीक. सोयाबीन निघालं. काढणीच्या वेळीच पाऊस ठाण मांडून बसला, त्यामुळे निम्मं काळं पडलं. तूर मात्र फुलावर आहे, बांधावरून पाहिलं की पिवळंधमक दिसतं. शेजारच्या गोजराबाईंना नात झाली. त्यांचा वांग्यांचा मळाही यंदा जोरात आहे. रोज मालेगावच्या बाजाराला माल जातो आणि जाताजाता आपल्या ओट्यावर चार वांगी टाकून जातात. आई भाजी करते, मी खाते, आणि दोघी मिळून टीव्ही बघतो. म्हणजे आमचं काही अडलेलं नाही.

माझ्या पोस्टातल्या नोकरीचं विचारशील तर नवं मशीन आलं, नेटवर्क जुनंच आहे. बहिणीकडे चांगला मोबाईल असताना ही कागद कशाला खरडत बसली, असं तुला वाटेल. मोबाईलवर लिहिलं की तू दोन निळ्या रेघा उमटवून मोकळा होतोस. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. कागद निदान तुझ्या टेबलावर पडून राहील. तो लपवायला तरी तुला जागेवरून उठावं लागेल, आणि तेवढी तसदी तुला द्यायची माझी इच्छा आहे.

तुझा निरोप मिळाला. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं मीच चुकीचं वाचते आहे. तू डिसेंबरात येतो आहेस, सोबत दोन पाहुणे, त्यातली एक बाई परदेशातली. आईचे आणखी फोटो काढायचे आहेत. पण घर आपलं आहे असं कोणी सांगायचं नाही. आई तुझी आई नाही आणि मी तुझी बहीण नाही. तुला दीड वर्षापूर्वी रस्त्यात भेटलेल्या एका मजूर बाईकडे तू पुन्हा आला आहेस, एवढंच पाहुण्यांना कळायला हवं. गॅसची शेगडी आत ठेवायची, फ्रिजवर चादर टाकायची, प्लास्टिकच्या खुर्च्या मागच्या अंगणात न्यायच्या. आईनं तीच हिरवी साडी नेसायची, नवी नको. चूल असेल तर पेटवायची. समोरच्या भिंतीवरचा तुझा पदवीचा, काळ्या झग्यातला फोटो काढून ठेवायचा. आणि "बाबासाहेबांचा फोटो राहू दे, तो फ्रेममध्ये छान येतो."

हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं आहे. तुला आठवत नसेल तर मोबाईलात बघ.

शेवटी लिहिलंस, "ताई, प्लीज समजून घे, आईला तू नीट समजावशील." समजावते की. या घरात समजावायचं काम माझ्याकडेच आहे. उत्तरही देते, पण त्याआधी थोडं मागचं बोलायचं आहे. पाहुण्यांसमोर आपल्याला बोलता येणार नाही ना, म्हणून इथंच बोलून घेते.

तू त्या उन्हाळ्यात आलास तेव्हा आई किती खूश होती ते तुला माहीत आहे. सात-आठ महिन्यांनी पोरगा आला, तोही चांगला महिनाभर राहायला. पिशवीतून तू तो कॅमेरा काढलास तेव्हा मला वाटलं शेजारच्या पोरांसाठी खेळणं आणलंस. सगळा प्लास्टिकचा, भिंगसुद्धा प्लास्टिकचं, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा. तू म्हणालास, हा मोठ्या रोलचा कॅमेरा आहे आणि मी यात लहान रोल घालणार आहे. पूर्वी लग्नात फोटोवाले वापरायचे तो, छत्तीस फोटोंचा. आई म्हणाली, "मंग लायन्या रोलचा क्यामेरा नाही भेटत काय बाजारात?" तू हसलास. मग तिला पाटावर बसवून सगळं समजावून सांगितलंस. साध्या कॅमेऱ्यात फिल्मच्या कडा झाकलेल्या असतात. या कॅमेऱ्याचं तोंड मोठं आहे, म्हणून फोटो कडेपर्यंत पसरतो आणि फिल्मच्या दोन्ही कडांना असलेल्या भोकांवरूनही जातो. माणूस मधे आणि वरखाली भोकांची रांग. आई जरा घाबरली. "माया आंगावर भोकं पडतीन काय बाप्पा?"

मला तो धम्मा आवडायचा. आईला पाटावर बसवून शिकवणारा.

मोठ्या रोलच्या पाठीला काळा कागद असतो, लहानाला नसतो, हे तेव्हा मलाही कळलं. कॅमेऱ्याच्या पाठीवर ती लाल खिडकी होती, तिच्यातून उजेड शिरून तुझा पहिला रोल आख्खा वाया गेला. मग मी मोटारीच्या वायरीला लावायची काळी चिकटपट्टी खिडकीवर लावायला आणून दिली. रोल आत डुगडुगतो म्हणून आईनं भांडी घासायचा नवा स्पंज कापून दिला, तो तू वरखाली कोंबलास. नंबर दिसत नाहीत म्हणून चावी फिरवताना कट्कट् आवाज मोजायचास, आणि मुद्दाम कमी फिरवून एका फोटोवर दुसरा चढवायचास. आणि रोल संपला की पंचाईत. तो आपोआप परत डबीत गुंडाळला जात नाही, अंधारात उघडून हातानं गुंडाळावा लागतो. आपल्या घरात मे महिन्याच्या दुपारी अंधार कुठून आणायचा? पत्र्याच्या प्रत्येक भोकातून ऊन आत.

आईनं वाकळा काढल्या. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. तू कॅमेरा घेऊन त्यांच्याखाली शिरलास, आई वरून कडा दाबून बसली आणि हातपंख्यानं वाकळांनाच वारा घालायला लागली. वारा तुला लागत नाही हे तिला कळत होतं. तरी घालत होती. मी दाराशी उभी राहून हसत होते. तेवढ्यात गोजराबाई आल्या, बघतात तो उन्हाळ्यात माणूस वाकळांखाली हलतो आहे. त्यांना वाटलं तुला हिवताप भरला. आल्या पावली परत गेल्या आणि काढा उकळून घेऊन आल्या. तोवर तू बाहेर निघून नवा रोल भरत होतास, अंगातून पाणी निथळत होतं. गोजराबाई म्हणाल्या, "घाम आला नं, आता उतरीन ताप!" आई दारात उभी होती, ती अशी हसली की तिच्या डोक्यावरचा पदर खाली आला. आणि तू कॅमेरा उचललास.

तोच तो फोटो. भिंतीएवढा करून तू पुण्यात लावलास तो.

इथपर्यंतचं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, कारण ते आम्ही तुला सांगितलं नाही. आईनं सांगू नको म्हटलं होतं. मी दोन महिने तिचं ऐकलं. तुझ्या निरोपानंतर आता ऐकणार नाही.

आम्ही पुण्याला आलो होतो, धम्मा. तुझ्या प्रदर्शनाला. सप्टेंबरातल्या त्या रविवारी.

माझी शाळेतली मैत्रीण सुचिता तिकडे दवाखान्यात नर्स आहे. तिनं पेपरातलं कात्रण पाठवलं, त्यात आईचा हा फोटो आणि बाजूला तुझा, दाढी ठेवलेला. खाली नाव "डी. पाल". आई म्हणाली, "हे पाल कोन हाये?" मी म्हटलं, तुझाच पोरगा. ती म्हणाली, खिल्लारे कुठी गेलं? मी म्हटलं, आई, तिकडे आडनाव सांगितलं की खोली मिळत नाही, तीन जागी त्याला नकार आला, म्हणून तो एवढंच नाव लावतो. ते तूच मला रडून सांगितलं होतंस आणि मला ते पटलंही होतं. आजही पटतं. ज्या लोकांनी तुला आडनाव विचारून दार लावलं त्यांच्यावर माझा राग आहे, तुझ्यावर नव्हता. आईनंही मान हलवली. "पोटासाठी करा लागते," म्हणाली. बाबा असते तर त्यांनी एवढ्यावर ऐकलं नसतं. त्यांनी शाळेच्या शिपायाच्या नोकरीत साहेबांसमोर कधी आपलं नाव तोंडातल्या तोंडात घेतलं नाही. पण बाबा नाहीत, आणि आई ऐकते.

तिला वाटलं आपण न सांगता जाऊन उभं राहू, पोरगा चकित होईल. नवी पांढरी साडी काढली, निळ्या काठांची, चौदा एप्रिलची. तुझ्यासाठी खारोड्या केल्या. बाजरी भरडण्यापासून उन्हात वाळवण्यापर्यंत सगळं त्या गुडघ्यानं केलं. पावसाळ्यात ऊन मिळत नव्हतं, तर ताट घेऊन उन्हाच्या मागे अंगणभर फिरली. ट्रॅव्हल्सनं आम्ही सकाळी उतरलो, सुचिताकडे आंघोळी केल्या, तिनं आम्हाला तुझ्या हॉलच्या दाराशी सोडलं आणि ती ड्युटीवर गेली.

आत थंडगार होतं. लोक हळू बोलत होते, मयतीच्या घरी बोलतात तसं. आईनं चपला बाहेर काढल्या, मी तिला परत घालायला लावल्या. आणि समोर ती होतीच, भिंतभर. वर भोकांची रांग, खाली भोकांची रांग, मधे आई दारात हसते आहे आणि शेजारच्या फोटोतला गोजराबाईंचा हात काढ्याची वाटी घेऊन तिच्या फोटोत शिरला आहे. खरं सांगते, फोटो चांगला आहे. मला त्यातलं काही कळत नाही, पण मला गलबलून आलं. आई कितीतरी वेळ बघत राहिली. "येवढी मोठी मी?" एवढंच म्हणाली.

मग तिनं खालची पाटी वाचायला घेतली. साक्षरतेच्या वर्गात शिकल्यापासून ती प्रत्येक पाटी वाचते, एसटीतली, दुकानावरची, एकेक अक्षर जोडून. मी तिला अडवणार होते, पण तोवर तिनं सुरुवात केली होती. शेतमजूर स्त्री, विदर्भ. वाचून झाल्यावर म्हणाली, "बराबर हाये. मजुरीच त केली जनमभर." मग चौकटीच्या या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं, जरा वाकून खालीही पाहिलं.

"नाव कुठी लिवलं व?"

मी म्हटलं, आई, नाव नसतं लिहीत अशा फोटोंखाली. ती म्हणाली, "त्याचं त लिवलं."

तू तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यात लोकांच्या घोळक्यात उभा होतास. आमच्याकडे तुझी पाठ होती. आई पुढे निघालीच होती, पिशवी हातात घेऊन, तुला मागून हाक मारायला. पण तू बोलत होतास आणि बोलणाऱ्याला मधे तोडू नये म्हणून ती थांबली. तू वाकळांची गोष्ट सांगत होतास. एका बाईच्या झोपडीत फिल्म बदलायला अंधार नव्हता, तिनं आपल्या सगळ्या वाकळा तुझ्यावर टाकल्या, शेजारणीला वाटलं तुला ताप आला. लोक हसले. आईही हसली. तिला तर ती गोष्ट आपलीच होती. ती पदर तोंडाला लावून हसली आणि माझ्याकडे बघितलं, बघ कसा सांगून राह्यला म्हणून. झोपडी हा शब्द तिच्या लक्षातही आला नसावा.

मग एका चष्मेवाल्या माणसानं विचारलं, "ती बाई कोण होती?" आणि तू म्हणालास, "मी नाव विचारलंच नाही. रस्त्यात भेटली, पाणी मागितलं, तिनं दिलं. नाव विचारलं असतं तर हा फोटो एका बाईचा झाला असता. मला तो सगळ्यांचा हवा होता."

लोकांनी माना डोलावल्या. एकीनं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मी आईकडे पाहिलं. पदर तोंडाला तसाच होता, पण हसू गेलं होतं. ती काही रडली बिडली नाही. फक्त पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आडनाव गाळलंस तेव्हा मी तिला समजावलं होतं, आता काय सांगू? मी पुढे व्हायला निघाले. त्या सगळ्या लोकांसमोर तुला हाक मारणार होते, धम्मपाल दौलतराव खिल्लारे, अशी पुरी. आईनं माझं मनगट धरलं. अजून तिच्या हाताला जोर आहे.

तेवढ्यात टेबलाशी बसलेली मुलगी आमच्याकडे आली. चांगली मुलगी होती. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि तिचा चेहराच उजळला. "आजी, त्या फोटोतल्या तुम्हीच ना? थांबा, मी सरांना बोलावते."

आणि आई म्हणाली, "नाही बाप्पा. मी नाही. असन कोनी."

मुलगी म्हणाली, "अहो, अगदी तुमच्यासारख्या दिसतात."

"आमच्याकडल्या बाया अशाच दिसतात माय," आई म्हणाली. "आमी त असंच पाहाले आलतो."

धम्मा, तू तिथून दहा पावलांवर होतास. तुझं खोटं तिनं तुझ्यापेक्षा चांगलं निभावलं. एकदाही आवाज हलला नाही. तिनं ती पिशवी टेबलावर ठेवली, त्या फोटोवाल्या साहेबाले द्या म्हणाली, मुलीनं कोणाकडून म्हणून विचारलं तर "गावाकडले लोक आलते म्हना" म्हणाली, आणि माझं मनगट न सोडता बाहेर आली. बाहेर आल्यावर मला म्हणते, "त्याले कायी बोलू नोको. त्याचं चांगलं चालू हाये. आपल्यापायी काहून बिघडवा?"

परतीच्या सगळ्या रस्त्यात एवढंच. मेहकरला गाडी थांबली, मी चहा आणला, तो तिनं अर्धा टाकला.

आणि दोन दिवसांनी सुचितानं मला तुझा मोबाईलवरचा फोटो पाठवला. तळलेल्या खारोड्यांची बशी. खाली, "विदर्भातल्या एका अनोळखी रसिकाची प्रेमळ भेट." तू त्या खाल्ल्यास की नुसता फोटो काढलास? खाल्ल्या असतील तर मला एक सांग. तीळ जास्त आणि मिरची कमी अशा खारोड्या आपल्या घराबाहेर कुठे खाल्ल्या आहेस? तुझ्या जिभेलाही कळलं नाही, की कळलं आणि तू जिभेलाही गप्प बसवलंस? मी दोन महिने हाच विचार करते आहे आणि दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

तुझ्या त्या हॉलमधल्या शिकल्यासवरल्या लोकांचंही मला नवल वाटतं. रस्त्यात पाणी मागणाऱ्या माणसापुढे कुठली बाई अशी हसते? डोक्यावरचा पदर पडेपर्यंत? ते हसू पाहून एकालाही वाटलं नाही की समोर तिचा पोरगा उभा असणार. तुझा तो खेळण्यातला कॅमेरा बिचारा कडेचंसुद्धा दाखवतो. त्याला जे लपवता आलं नाही ते तू एका पाटीनं लपवलंस आणि सगळ्यांना ते चाललं.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर.

मी आईला तो वाचून दाखवला. शब्द न शब्द. मुद्दाम. मला वाटलं होतं आता तरी ती चिडेल, तुला दोन शिव्या देईल, मग मलाही बोलता येईल. तिनं ऐकून घेतलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि विचारलं, "परदेशातली बाई आपलं जेवन जेवीन काय? तिखट कमी टाका लागन."

त्या दिवसापासून घरात तयारी चालू आहे. परसातली चूल तिनं सारवली. दोन वर्षं बंद होती, आत कोंबडी बसत होती. हिरवी साडी जरा विरली आहे, तर ठिगळ लावू का तसंच ठेवू, असं मला विचारत होती. "फाटकं असन त फोटो चांगला येईन का?" पदवीचा फोटो तिनं स्वतः स्टुलावर चढून काढला, त्या गुडघ्यानं. पुसला, बाबांच्या कोटात गुंडाळून पेटीत ठेवला. भिंतीवर त्या जागी पांढरा चौकोन राहिला, तर म्हणते चुना मारून घे, नाहीतर त्या बाईले समजन. गोजराबाईंना सांगून आली की धम्म्या येणार आहे पण त्याला कोणी धम्म्या म्हणायचं नाही. गोजराबाई माझ्याकडे आल्या. "काय व पौर्णिमा, भागिरथाबाईचं डोकं गीकं फिरलं काय? सोताच्या पोराले साहेब म्हना म्हन्ते!"

मी भांडले. आयुष्यात आईशी कधी भांडले नव्हते एवढं भांडले. म्हटलं, तो येईल त्या दिवशी मी तुला इंझोरीला हेमलामावशीकडे नेणार आणि घराला कुलूप लावणार, काढू दे त्याला कुलपाचा फोटो. तर माझ्यावरच उलटली. "तो येवढ्या दुरून येईन आन घराले कुलूप? उपाशी जाईन काय पोरगं?" म्हटलं, आई, तो पोरगा म्हणून येत नाही आहे. ती म्हणाली, "कसाई येईना. येऊन त राह्यला."

आणि मग तिनं मला शपथ घातली, स्वतःच्या गळ्याची. त्या दिवशी मी तोंड उघडायचं नाही.

तर तू ये. तुझं सगळं तू सांगितलंस तसंच होईल. शेगडी आत असेल, फ्रिजवर चादर असेल, मी पोस्टातली बाई म्हणून कोपऱ्यात उभी असेन. आई दारात हात जोडून उभी राहील आणि "या साहेब" म्हणेल. परवा मी पोस्टातून आले तेव्हा ती आरशासमोर तेच म्हणून बघत होती. मला पाहून लाजली. मग मला एकच विचारलं, अगदी बारीक आवाजात, की जेवताना तुझ्या ताटात एक भाकर जास्तीची वाढली तर त्या लोकांना संशय येईल का. मी म्हटलं, येईल.

मला तिनं एका दिवसापुरतं बांधलं आहे, पुढचं नाही. म्हणून पुढचं सांगते. ज्या दिवशी ती सगळ्या गावासमोर तुला साहेब म्हणेल, त्या दिवसानंतर ती तुझी कोणी नाही, आणि हे तूच मागून घेतलं आहेस. ती आता थकली. एक दिवस ती जाईल. आपल्याकडे कोणी गेलं की लेकीसुना रडतात आणि जाणती माणसं विचारतात, कोणाकोणाला निरोप गेला, पोरगा कुठवर आला, किती वेळ थांबायचं. मलाही विचारतील. मी सांगेन की थांबू नका, उचला. निरोप नात्यातल्या माणसांना जातो. एकदा फोटो काढायला आलेल्या साहेबाचा पत्ता आम्ही कशाला ठेवू?

लोभ असावा असं मी लिहीत नाही. या घरात तो गरजेपेक्षा जास्त झाला आणि सगळा तुझ्याच वाट्याला गेला.

पौर्णिमा